बैलाला चारा, मोटारीला वीज

“देवस्थान म्हणजे काही पेट्रोलपंप नव्हे,” असे एक वाक्य गेली काही वर्षे कोकण-गोमंतकातील भक्तनिवासांच्या आणि अग्रशाळांच्या कचेऱ्यांतून ऐकू येऊ लागले आहे. विजेवर चालणारी मोटार घेऊन कुलदेवतेच्या दर्शनास आलेला यात्रेकरू रात्रीच्या मुक्कामात गाडी चार्ज करण्यापुरता एक प्लग मागतो. आणि चटया, उशा, गरम पाणी, दोन्ही वेळचे जेवण असे सर्व काही विनातक्रार देणारा व्यवस्थापक या एका मागणीपाशी ताठ होतो व वरील वाक्य उच्चारतो. वाक्य चटकदार आहे, हे आम्ही मान्य करतो. ऐकणाऱ्यास क्षणभर आपणच काही अमंगळ मागितले की काय असे वाटू लागते. परंतु चटकदार वाक्ये बहुधा विचार टाळण्यासाठीच वापरली जातात, आणि या वाक्यामागे धर्मविचार तर नाहीच, साधा व्यवहारविचारही नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते आम्ही येथे मांडणार आहोत. ज्यांस ते रुचणार नाही, त्यांनी याच पृष्ठांतून आमचा समाचार घ्यावा.

आम्ही सिल्वासाचे रहिवासी. नकाशात पाहिले तर आमच्या नगरास समुद्र नाही. दमणगंगा आहे, मधुबन धरणाचे पाणी आहे, वारल्यांचे पाडे आहेत आणि कारखान्यांच्या रांगा आहेत. समुद्र दमणला. पण गोमंतकाशी आमचे नाते समुद्रावरून ठरलेले नाही. मराठ्यांनी १७७९च्या तहान्वये काही गावांचे उत्पन्न पोर्तुगीजांस देऊ केले, त्यांतून नगरहवेली १७८३मध्ये आणि दादरा १७८५मध्ये त्यांच्याकडे गेले, आणि पणजीचा गव्हर्नर आमचाही धनी झाला. तो सुटला तो १९५४च्या पावसाळ्यात. २२ जुलैस दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मोकळे झाले, ते काही सैन्याने केले नाही. आझाद गोमंतक दलाचे आणि युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सचे तरुण, पुण्या-मुंबईचे स्वयंसेवक, असे मूठभर लोक त्यांत होते. त्यांच्या मदतीसाठी पुण्यात हिराबागेच्या मैदानावर लता मंगेशकर गायल्या होत्या, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. ज्या मंगेशीवरून त्या घराण्याने आपले आडनाव घेतले, ती मंगेशी त्या दिवशीही पोर्तुगीजांकडेच होती, आणि पुढे सात वर्षे राहिली. गोमंतकाच्या लेकरांनी आधी सिल्वासा सोडविले, मग गोवा सुटला. तेव्हा सिल्वासाहून माघी पौर्णिमेच्या जत्रेस मंगेशीला जाणारा मनुष्य हा हवापालटासाठी निघालेला सहलवाला नव्हे, एवढे प्रारंभीच सांगून ठेवतो.

आणखी एक गोष्ट. रस्त्याचा हक्क म्हणजे काय, हे आमच्या गावाइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसावे. दमणहून आमच्याकडे येण्याचा मार्ग भारताच्या भूमीतून जातो, तो आम्हांस मिळालाच पाहिजे, असा दावा पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लावला होता. १२ एप्रिल १९६० रोजी त्या न्यायालयाने निवाडा दिला तो असा: साध्या माणसास, मुलकी अधिकाऱ्यास आणि सर्वसाधारण मालास वाट होती, सशस्त्र सैन्यास, पोलिसास आणि शस्त्रास नव्हती. आमच्या बाजूने निकाल लागला म्हणून आम्ही आनंदलो होतोच. पण न्यायाधीशांनी साध्या वाटसरूस निराळे काढून त्याची बाजू राखली, हेही विसरण्यासारखे नाही. वाटसरूचे स्थान निराळे असते. आपल्या धर्मानेही ते निराळे मानले आहे.

त्या धर्माकडे आता वळू. धर्मशाळा म्हणजे काय? चार भिंती आणि एक छप्पर, एवढेच नव्हे. अहिल्याबाई होळकरांचे नाव काशीपासून रामेश्वरापर्यंत निघते ते त्यांनी देवळे बांधली म्हणून तर निघतेच, पण त्याहून अधिक ते घाट, विहिरी, बारवा आणि धर्मशाळा बांधल्या म्हणून निघते. त्या काळच्या धर्मशाळेच्या अंगणात एक दगडी डोणी असे. ती माणसांसाठी नव्हती. यात्रेकरूच्या बैलांना, घोड्यांना पाणी पाजण्यासाठी होती. शेजारी गव्हाण असे, तीत कडबा पडे. यात्रेकरू आत पुरण खातो आणि त्याचे बैल बाहेर उपाशी उभे आहेत, असे दृश्य ज्या धर्मशाळेत दिसले असते, तिच्या धन्याची गावभर नाचक्की झाली असती. कारण सकाळी बैल उठले नाहीत तर यात्रा उठत नाही, हे प्रत्येकास कळत होते. वाहनाचे पोट हा यात्रेकरूच्या पोटाचाच भाग होता.

पुढे पेट्रोलची मोटार आली आणि ही जाणीव लोपली. तिचा चारा रस्त्यावर मिळू लागला. तो पाच मिनिटांत भरता येत असे. त्यामुळे धर्मशाळेस तिची काळजी वाहण्याचे कारण राहिले नाही. हा केवळ शंभर वर्षांचा अपवाद होता. आता जी मोटार आली आहे तिला पुन्हा रात्रभर उभे राहून चारा खावा लागतो. म्हणजे ती स्वभावाने बैलगाडीच्या अधिक जवळची आहे. हे ऐकून तिचे विक्रेते हसतील, परंतु हिशेब तसाच आहे. मध्यम आकाराच्या गाडीच्या बॅटरीत सुमारे ४० युनिट वीज मावते. एका युनिटात ती ६ ते ७ किलोमीटर चालते. आपल्या घरी गीझरला जो १५ अँपियरचा प्लग असतो, त्यातून तासाला सुमारे ३ युनिट मिळतात. रात्री नऊला गाडी लावली तर सकाळी सातला तिच्या पोटात ३० युनिट पडलेले असतात, आणि तेवढ्यावर दुसऱ्या दिवसाचा १८० ते २०० किलोमीटरांचा मजला आरामात होतो. त्यासाठी लाखो रुपयांचे जलद चार्जिंगचे यंत्र लागत नाही. गीझरचा प्लग लागतो. तो अंगणात हवा, आणि त्यास नीट अर्थिंग हवे. आमची मागणी एवढीच आहे. ती मोठी करून दाखविणारे लोक एक तर अजाण आहेत किंवा तिचा विचारच करू इच्छीत नाहीत.

गेल्या माघात आम्ही सहकुटुंब याच पद्धतीने निघालो. वापीला हमरस्ता धरून मुंबई, तेथे भाऊच्या धक्क्यावर गाडी २०२०पासून चालू असलेल्या रो-रो बोटीत चढवून मांडवा, आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले, तेरेखोल. सात-साडेसातशे किलोमीटरांचे अंतर आम्ही सहा दिवसांत आणि पाच मुक्कामांत कापले. घाईच्या माणसास हे हास्यास्पद वाटेल. एका दिवसात पोचता येते, मग सहा कशाला? पण आम्ही असे विचारतो: वेळणेश्वर, हेदवी, कुणकेश्वर, आचऱ्याचा रामेश्वर ही स्थाने ज्यांच्या पूर्वजांनी पायी पाहिली, त्यांच्या नातवांनी ती केवळ फाट्यावरील हिरव्या पाट्यांवरच वाचावयाची काय? गाडीला थांबावे लागते म्हणून आम्ही थांबलो. थांबलो म्हणून सायंकाळची आरती मिळाली. आरती मिळाली म्हणून पुजाऱ्यांशी दोन शब्द झाले, आणि एके ठिकाणी तर आमच्या आजोबांच्या नावे चाललेल्या अभिषेकाची जुनी नोंद वहीत निघाली. मुक्काम हाच यात्रेचा आत्मा होता. पेट्रोलने तो काढून घेतला, विजेने तो परत दिला. हा लाभ कोणत्याही सरकारी धोरणात लिहिलेला नाही.

या वाटेवर खाड्या फार. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा चार ठिकाणी गाडी बोटीत घालून पैलतीर गाठावे लागते. दाभोळची फेरीबोट २००३पासून चालते आणि तिने गुहागरकरांचे कितीतरी तासांचे वळसे वाचविले. आता रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गावर या खाड्यांवर पूल बांधण्याचे काम राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले आहे. ए. आर. अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून या रस्त्याची भाषा चालू आहे. पूल झाले पाहिजेत. बाळंतिणीस आणि आजाऱ्यास बोटीची वाट पाहावी लागू नये. पण पूल झाले म्हणजे मोटारी भरधाव जाऊ लागतील, आणि खाडीकाठच्या देवळांतील दिवेलागण कोणासाठी होईल, हा प्रश्न त्या त्या गावच्या विश्वस्तांनी आजच स्वतःस विचारावा.

विजेच्या बाबतीत या किनाऱ्याचे एक विलक्षण दैव आहे. धोपाव्यास बोटीतून उतरून पुढे निघाले की अंजनवेलचा तो प्रचंड वायुवीज प्रकल्प जवळच आहे, ज्याच्या एन्रॉन नावाने एकेकाळी महाराष्ट्राचे राजकारण ढवळून निघाले होते. पुढची खाडी ओलांडली की जयगडला आयात कोळशावर चालणारे १,२०० मेगावॅटचे केंद्र धूर सोडीत असते. मागे डोंगरात कोयनेचे पाणी पोफळीपाशी उतरून वीज देते व वाशिष्ठीस मिळते. एका जिल्ह्याच्या परिसरात एवढी वीज निर्माण होते, तारांवरून ती घाटावर आणि मुंबईस जाते. आणि त्याच जिल्ह्यात, देवाच्या अंगणात, एका वाटसरूच्या गाडीस तीन किलोवॅट मिळू नयेत! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आम्हांस नकार कोठे मिळाला, ते आम्ही सांगणार नाही. स्थानाचे नाव घेतले की चर्चा त्या स्थानाची होते, प्रश्नाची होत नाही. भक्तनिवास नवे होते. वीस खोल्या, प्रत्येकीत गीझर, निम्म्यांत वातानुकूलन यंत्र. व्यवस्थापक सुशील गृहस्थ होते. “मीटरवर भार पडतो,” ते म्हणाले. वाचकांनी येथे थोडे गणित करावे. वीस गीझर, प्रत्येक दोन किलोवॅटचा. पहाटे काकडआरतीपूर्वी ते बहुतेक सारे एकदम चालू होतात. म्हणजे चाळीस किलोवॅटांचा भार पहाटे चालतो, आणि रात्री सारे निजलेले असताना तीन किलोवॅटांचा चालत नाही! आम्ही विजेचे पैसे वेगळे देऊ असे सांगितले. त्यावर ते पहिले वाक्य आले. पेट्रोलपंप नव्हे.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीत वीज थोडी उरली असता आम्ही एका नारळी-पोफळीच्या वाडीपाशी थांबलो. वाडीचे मालक शिंपणाचा पंप बंद करून जेवावयास निघाले होते. हकीकत ऐकताच त्यांनी पंपाच्या खोलीतील प्लग मोकळा करून दिला, अर्थिंगची तार स्वतः पाहून घेतली, आणि आम्हांस ओटीवर पाट मांडले. चार तासांत बारा युनिट गाडीत गेले. मीटरचा आकडा पाहून त्यांनी पैसे घेतले. जेवणाचे मात्र घेतले नाहीत. हा माणूस काही धर्मशाळा चालवीत नव्हता. त्याच्या दारात कोणी देणगीची पेटी ठेवलेली नव्हती. पण बैलास पाणी पाजावयाचे असते, हे त्यास कोणी शिकवावे लागले नाही. पुढे फोंड्यास आल्यावर ही कथा आमच्या एका वृद्ध आत्याबाईंना सांगितली, तर त्या एवढेच म्हणाल्या, “गाडयेकूय भूक लागता मरे!” विश्वस्तांच्या सभांत ज्यावर तास घालवावे लागतील तो ठराव त्यांनी एका वाक्यात संमत केला.

आता विरोधकांचे म्हणणे घेऊ. पहिला आक्षेप असा की, ही श्रीमंतांची खेळणी आहेत; देवाच्या पैशाने त्यांचे लाड का पुरवावे? लाड पुरवू नयेत. फुकट वीज आम्ही मागितलेली नाही, मागणारही नाही. अंगणातील प्लगास एक साधा उपमीटर लावावा, युनिटांची पावती करावी, वाटल्यास देवस्थानासाठी वर काही अधिक घ्यावे. युनिटास दहा ते पंधरा रुपये धरले तरी वीस युनिटांचे दोनशे-तीनशे रुपये होतात. तेवढे देणे ज्यास जड जाईल तो मोटार घेऊन आलेलाच नसतो. गरीब यात्रेकरूच्या अन्नदानातून एक छदामही इकडे वळण्याचे कारण नाही. उलट, जे लोक न विचारता देवळाच्या रोषणाईच्या प्लगात वायर खोचून रात्रभर गाडी भरून घेतात आणि पहाटे गुपचूप निघून जातात, त्यांस आम्ही चोरच म्हणू. असे लोक आहेत. आम्ही पाहिले आहेत. देवाच्या दिव्यातील तेल चोरणारा आणि हा, यांत फरक नाही. पण चोरी बंद करण्याचा उपाय विहीर बुजविणे हा नसून तिला रहाट लावणे हा आहे.

दुसरा आक्षेप कायद्याचा. देवस्थानास वीज विकता येते काय? येथे मात्र अज्ञानास क्षमा नाही, कारण खुलासा होऊन बरीच वर्षे लोटली. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८मध्ये स्पष्ट केले की, गाडीची बॅटरी चार्ज करून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे. तीस २००३च्या विद्युत् कायद्याखाली परवाना लागत नाही. जानेवारी २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांत हमरस्त्यांवर दर २५ किलोमीटरांस चार्जिंगची सोय असावी असे म्हटले होते. ती सोय मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर हॉटेलांच्या आवारात दिसते. मुरूड-श्रीवर्धनकडे तुरळक, आणि वाड्यावस्त्यांतून नाहीच. जेथे सरकार पोचलेले नाही आणि व्यापाऱ्यास पोचण्यात नफा नाही, नेमकी तीच जागा धर्मादायाची असते. महाराष्ट्रातील देवस्थाने १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली येतात, आणि ज्यांच्या घटनेत यात्रेकरूंची सोय हा उद्देश लिहिलेला आहे, त्यांस धर्मादाय आयुक्तांची भीती दाखविण्याचे प्रयोजन नाही. गोमंतकात देवस्थाने १९३३च्या पोर्तुगीज नियमावलीखाली महाजनांच्या सभेने चालतात. नियमावली परकीयांनी केली, तरी सभा आमची आहे. तीत ठराव मांडावयास कोणी अडविले आहे?

तिसरा आक्षेप आगीचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ढिल्या प्लगात, अर्थिंगावाचून, जोडवायरीच्या लांबलचक शेपटाने गाडी लावली तर वायर तापते. पण हेच गीझरविषयीही खरे आहे; म्हणून आपण गीझर काढून टाकले नाहीत, चांगला वायरमन बोलावला. एक स्वतंत्र वायर, एक ब्रेकर, जमिनीत नीट पुरलेली अर्थिंगची पट्टी, प्लगावर पावसापासून आडोसा, आणि जागा गर्भगृह, सभामंडप व लाकडी माडीपासून दूर, उघड्यावर. एवढे केल्यावरही ज्यांस भीती वाटेल त्यांची भीती विजेची नाही, नवेपणाची आहे.

चौथा आक्षेप आमच्याच बाजूच्या लोकांनी ओढवून घेतलेला आहे. विजेची गाडी घेतली म्हणजे जणू गंगास्नान घडले, अशा थाटात काही मंडळी वावरतात. गाडीतून धूर निघत नाही, तेव्हा आमची यात्रा सात्त्विक आणि तुमची तामसी, असा त्यांचा सूर असतो. हा दंभ आहे. या देशातील सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशावर होते. सिल्वासाच्या घरात आम्ही जी वीज वापरतो तिचा मोठा भाग दूरच्या केंद्रांतून तारांवरून येतो, आणि तेथील चिमणीचा धूर तेथील लोक खातात. एवढे मात्र खरे की, कोळशाची वीज धरूनही ही गाडी एकंदरीने कमी धूर करते, कारण तिचे यंत्र उर्जेची नासाडी फार थोडी करते. शिवाय घाट उतरताना चाकांचा वेग वाया न घालविता ती काही वीज बॅटरीत परत घेते. दापोलीच्या चढउतारांवर आम्ही हा चमत्कार काट्यावर पाहत होतो. पण कमी पाप म्हणजे पुण्य नव्हे. आम्ही देवस्थानांकडे प्लग मागतो तो पुण्यवान म्हणून नव्हे. अतिथी म्हणून मागतो. अतिथीचे पुण्य तपासून त्यास पाणी देण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

शिर्डीच्या संस्थानाने २००९मध्ये छतावर ७३ मोठे आरसे बसवून उन्हाच्या वाफेवर प्रसादाचे अन्न शिजविण्यास प्रारंभ केला. तेव्हा संस्थान म्हणजे काही कारखाना नव्हे, असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तिरुमलाच्या घाटावर विजेच्या बसगाड्या भाविकांना वर नेतात. त्यामुळे बालाजीच्या सोवळ्यास बाध आला नाही. मोठ्या संस्थानांनी केले की ती दूरदृष्टी, आणि वाडीच्या देवळात कोणी तीन किलोवॅट मागितले की ते थेर, असा न्याय आम्हांस मान्य नाही.

खरे म्हणजे या वादात प्लग ही क्षुल्लक वस्तू आहे. पणास लागलेली गोष्ट निराळी आहे, आणि तिच्याकडे आम्ही महाजनांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. विजेच्या मोटारी वाढणार आहेत, तुम्ही प्लग द्या किंवा न द्या. त्या मोटारीचा धनी रात्री तेथेच राहील जेथे त्याची गाडी भरेल. ही सोय आज किनाऱ्यावरील मोठी हॉटेले करू लागली आहेत. ती धर्म म्हणून करीत नाहीत. त्यांस ठाऊक आहे की जेथे गाडी बांधली तेथे माणूस बांधला जातो. मग काय होईल? सिल्वासाचा, मुंबईचा, बंगळुरूचा आमचा कुळावी हॉटेलात उतरेल, तलावात पोहेल, आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता अर्ध्या तासासाठी देवळात डोकावेल. तो कुळावी राहणार नाही, प्रेक्षक होईल. त्याच्या मुलांस नौबत ऐकू येणार नाही, पालखी दिसणार नाही, पंगतीत वाढावयास हात लागणार नाही, आपल्या शेजारच्या खोलीत उतरलेले कुटुंब आपल्याच गोत्राचे आहे हे कळणार नाही. आमची कितीतरी लग्ने अग्रशाळेच्या ओसरीवर ठरली, हे वयस्क मंडळींनी आठवावे. अग्रशाळा ओस पडली म्हणजे केवळ खोल्यांचे भाडे बुडत नाही. समाजाची भेटण्याची जागा बुडते. आणि तीही आम्ही स्वहस्ते, एका चटकदार वाक्यापायी, बुडविणार!

ज्यांस हे अतिशयोक्तीचे वाटते त्यांनी अंत्रुजातील देवळांचा इतिहास आठवावा. मंगेश मूळचा कुशस्थळीचा. १५६०मध्ये, देवळे पाडली जात असताना, भक्तांनी लिंग रातोरात जुवारी ओलांडून प्रियोळास आणले. शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास, रामनाथ लोटलीहून. त्या रात्री ते देव यात्रेकरू होते. नदीकाठी कोणी तरी होडी दिली, कोणी तरी मशाल धरली, पलीकडच्या तीरावर कोणी तरी झोपडीत जागा करून दिली. त्यांनी “आमचे घर म्हणजे देऊळ नव्हे” असे म्हटले असते, तर आज आम्ही कोणाच्या दर्शनास गेलो असतो? आमची दैवते स्वतः एकदा आश्रित वाटसरू झाली होती. त्यांच्याच दारात वाटसरूस हिशेबाने वागविले जावे, यासारखी विसंगती नाही. अग्रशाळा त्या दैवतांच्या ऋणापोटी उभ्या आहेत, असे आम्ही मानतो.

वादासाठी वाद आम्हांस करावयाचा नाही, म्हणून जे व्हावे असे वाटते ते स्पष्ट लिहितो. प्रत्येक देवस्थानाने आपल्या आवारात निदान दोन प्लग द्यावे. रात्री नऊ ते सकाळी सात एवढीच वेळ ठेवावी, म्हणजे पहाटेच्या गीझरांशी थोडीच गाठ पडेल. गाठ पडत असेल तर चारला बंद करावे. जत्रेच्या दिवशी, रोषणाईचा भार असताना, सोय बंद ठेवण्याचा अधिकार समितीस असावा, आणि तो यात्रेकरूने कुरकुर न करता मानावा. खोली नोंदवितानाच गाडीची नोंद घ्यावी. दर भिंतीवर लिहावा. ज्यांस खोली परवडत नाही आणि जे एस. टी.ने येतात, त्यांच्या पाण्याची आणि अंथरुणाची व्यवस्था आधी पाहावी. ती नसेल तर प्लगाची भाषा आम्हीही बोलणार नाही.

आम्ही आमच्या बाजूने तीन देवस्थानांच्या समित्यांस अर्ज धाडले आहेत. उपमीटर, वायर, ब्रेकर आणि वायरमनची मजुरी यांचा खर्च आम्ही सिल्वासा-वापीची काही कुळावी कुटुंबे मिळून देऊ, देवस्थानाच्या निधीस हात लावण्याचे कारण नाही, असे त्यांत लिहिले आहे. एका समितीने नकार कळविला. कारण दिलेले नाही. दुसरीकडून अद्याप उत्तर नाही. तिसरीच्या चिटणिसांनी विषय येत्या सभेच्या पत्रिकेवर घेत असल्याचे कळविले असून, प्लग तुळशीवृंदावनाच्या मागे बसवावा की वाहनतळाच्या कोपऱ्यात, याविषयी आमचे मत विचारले आहे. वाहनतळाच्या कोपऱ्यात, असे आम्ही उलट टपालाने लिहिले आहे. तेथे वडाची सावली आहे आणि रात्री देवळाचा राखणदार तेथेच बसतो.